लगदामामांचं अल्ब्युमिन

लगदामामांनी चाळीस वर्षं लोकांना खोटं खायला घातलं, आणि त्याबद्दल त्यांच्याइतका मान दुसऱ्या कुणाला मिळालेला मी पाहिला नाही. आमच्या नाटक कंपनीत ते प्रॉपर्टीचं खातं सांभाळायचे. राजाच्या मेजवानीतलं भाजलेलं बदक, गरिबाच्या घरातला शिळा पाव, आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेली सफरचंदं, सगळं त्यांच्या हातचं. रद्दी भिजवायची, कुटायची, खळ घालून मळायची, आकार द्यायचा, उन्हात वाळवायचं आणि रंगवायचं. म्हणून लगदामामा. त्यांचं खरं नाव फक्त टपालावर दिसायचं, आणि तेव्हा आम्ही एकमेकांना विचारायचो, हा कोण नवीन माणूस घेतला कंपनीत?

मी नवखी असतानाची गोष्ट सांगते. दुसऱ्या अंकात मला एक नासपती उचलून चावायची होती. टोपलीत सात होत्या. मी सर्वांत देखणी निवडली आणि माझ्या पुढच्या दाताचा तुकडा तिच्यात ठेवून विंगेत परतले. मामा तिथेच उभे होते. लागलं का, असं त्यांनी विचारलं नाही. नासपती हातात घेऊन चहूबाजूंनी पाहिली, अंगठ्याने दाताची खूण चाचपली आणि म्हणाले, "बाई, देठापाशी खडूचा ठिपका असतो ती खरी. बाकी सगळ्या माझ्या."

ती त्यांची पद्धत होती. टेबलावर वीस पदार्थ मांडलेले असोत, नटाने जे खायचं त्याच्या ताटाच्या कडेला खडूचा ठिपका. ठिपका नाही त्याला हात लावायचा नाही. आणि मामांचा स्वतःपुरता नियम तर याहून कडक होता: मांडलेलं खायचंच नाही. सतरा वर्षांचे असताना त्यांनी भुकेपायी प्रयोगाआधी टेबलावरचं एकुलतं एक केळं खाल्लं होतं. त्या केळ्यावर नायकाचा तीन पानांचा प्रवेश होता. तो बिचारा रिकाम्या हाताने केळं सोलत राहिला. मामांना त्या हंगामापुरतं घरी बसवलं, आणि तेव्हापासून ताटात मांडून समोर आलेला कोणताही पदार्थ हा कामाचा, पोटाचा नाही, हे त्यांच्या हाडात मुरलं.

हे हाडात किती खोलवर मुरलंय ते आम्हाला कळायला मामांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकावी लागली.

बहात्तराव्या वर्षी, सकाळी घरीच एका शाळेसाठी कलिंगड रंगवत असताना त्यांच्या डाव्या हातातून कलिंगड सुटलं. मुलीने विचारलं, "बाबा, काय झालं?" तर म्हणाले, "हे जड झालंय." कलिंगड आतून पोकळ होतं. मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते, माणसाचा चेहरा वाकडा झालेला तिला लगेच दिसतो. तिने तडक दवाखाना गाठला. जीव वाचला. डावा हात, डावा पाय मात्र रुसून बसले, त्या बाजूला गार-गरमही कळेनासं झालं, आणि गिळताना पाणी श्वासनलिकेत जायला लागलं. त्यामुळे सगळं अन्न मिक्सरमधून काढून, वर पावडर घालून घट्ट करून द्यायचं, असा हुकूम निघाला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुलीला आणि मला टेबलापलीकडे बसवलं.

"खालच्या मजल्यावर रिहॅब आहे," त्या म्हणाल्या. "खाटा आठच. रोज तीन तास व्यायाम करून घेतात. आजोबा तिथे गेले तर चालण्याची चांगली आशा आहे. नाही गेले तर घरी पलंगावर ठेवावं लागेल, आणि पलंगावर राहिलेला पाय परत आणणं कठीण असतं. एकविसाव्या दिवशी ठरवू. पण त्यांच्या अंगात व्यायाम सोसायचं बळ हवं. रक्तात अल्ब्युमिन कमी आहे. तीन पूर्णांक दोन."

"ते कमी म्हणजे काय होतं?" मुलीने विचारलं.

"अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. झटक्यानंतर ज्यांचं ते कमी असतं, ती माणसं बरी व्हायला बहुधा मागे पडतात. पण ते म्हाताऱ्या चालीचं आहे, हलायला तीन आठवडे घेतं. म्हणून आम्ही प्रीअल्ब्युमिनही बघतो. ते दोन-तीन दिवसांत खरं काय ते सांगतं. हे आकडे नुसते खाण्याचे नसतात, ताप किंवा सूज असली तरी पडतात. तेव्हा घाबरू नका. त्यांना पोटभर खाऊ द्या, एवढंच."

मी म्हटलं, "म्हणजे एक मुख्य नट आणि एक त्याचा निरोप्या."

"असं समजा," त्या म्हणाल्या. त्यांना बाहेर अकरा पेशंट थांबलेले होते.

आता खाऊ घालणं ही काही अवघड गोष्ट नव्हती. रोज तीन वेळा ताट येई. बटाटा आणि अंडं एकत्र वाटलेलं, गाजराचा केशरी गोळा, बिटाचा लाल, पालकाचा हिरवा, कधी कोंबडीचा तपकिरी. मामा म्हणायचे, "ताट ठेवा आणि जा. मला कुणी बघत असलं की जमत नाही." वॉर्डातल्या सिस्टर प्रेमळ होत्या. माणसाला वाकड्या तोंडाने खाताना कुणी बघू नये असं वाटणारच, असं समजून त्या पडदा ओढून घेत. अर्ध्या तासाने ताट चाटूनपुसून स्वच्छ. तक्त्यावर त्या लिहीत: पूर्ण जेवण घेतलं.

दहाव्या दिवशी रक्ताचा कागद आला. अल्ब्युमिन दोन पूर्णांक आठ. प्रीअल्ब्युमिन चौदावरून नऊ. वजन साडेतीन किलो उतरलेलं.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता उघडला. पूर्ण जेवण, पूर्ण जेवण, पूर्ण जेवण, ओळीने. त्यांनी आहाराच्या बाईंना बोलावलं, त्यांनी प्रथिनं वाढवली. पालकात दूध पावडर, बटाट्यात दुप्पट अंडी. तीन दिवसांनी प्रीअल्ब्युमिन आठ.

"हे कुठे जातंय?" डॉक्टरीणबाई कागदाला विचारत होत्या.

मग शोध सुरू झाला. ताप नाही. सूज दाखवणारा आकडा उतरलेला. यकृत ठीक. थायरॉईड ठीक. लघवीतून प्रथिन गळतंय का ते पाहायला चोवीस तासांची लघवी जमा करायला पाच लिटरचा डबा आणला. मामांनी डबा हातात घेऊन झाकण दोनदा लावून काढून पाहिलं. "आटे चांगले आहेत," म्हणाले. "हा नंतर मला मिळेल का?" लघवीत काही गळत नव्हतं. मग आतड्यात शोषलं जात नसेल, अशी शंका निघाली, आणि आतड्याच्या तज्ज्ञाला बोलवायचं ठरलं. मुलगी जिन्यात बसून रडली. तिला आतड्यात काहीतरी वाईट निघणार असं वाटायला लागलं होतं, आणि एकविसावा दिवस आठवड्यावर आला होता.

"मावशी," ती मला म्हणाली, "खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणजे काय, ते मला माहीत आहे. आमच्या शेजाऱ्यांचं असंच झालं होतं."

मीही सगळ्या आजारांची अखेरची दृश्यं केलेली बाई. माझ्या डोळ्यांपुढे त्यातली चार एकदम उभी राहिली.

तज्ज्ञ यायच्या आदल्या दिवशी दुपारी वॉर्ड झाडणाऱ्या बाईंना मामांच्या खाटेखाली मुंग्यांची रांग दिसली. रांग खाटेखालून उशाजवळच्या कपाटात जात होती. त्यांनी कपाट उघडलं आणि शांतपणे सिस्टरना हाक मारली. सिस्टर आल्या, त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. मी तिथेच स्टुलावर बसले होते.

खालच्या कप्प्यात कागदी रुमालावर नऊ सफरचंदं होती, बिटाची. पाच संत्री, गाजराची, सालीवरचे खड्डे काट्याच्या टोकाने टोचलेले. पालकाच्या हिरव्या नासपती. वरच्या कप्प्यात कोंबडीची एक अख्खी तंगडी, तिला बटाट्याचं हाड. आणि कपाटामागे, खिडकीच्या जाड तावदानापाशी ऊन लागेल अशा जागी, अंड्या-बटाट्याचा एक मासा, खवल्यांसकट. खवले चमच्याच्या कडेने उठवलेले होते. मी शपथेवर सांगते, चाळीस वर्षांत मामांच्या हातून इतका सुंदर मासा झाला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मासा उचलून उजेडात धरला.

"आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

"अजून ओलं आहे," मामा म्हणाले. "तुमच्याकडे ऊन कमी. पण माल उत्तम. खळ कोणती घालता?"

"ती घट्ट करायची पावडर आहे. तुम्हाला नीट गिळता यावं म्हणून."

"फार चांगली धरते. आमच्या वेळी असती तर बदकाची मान पडली नसती."

"हे अन्न आहे, हे तुम्हाला कळत होतं ना?"

मामा जरा दुखावले. "न कळायला मी वेडा आहे का? पण मांडलेलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मेंदूला कुठे धक्का बसला असेल याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चालू झाला होता. मी घाईघाईने त्यांना केळ्याची गोष्ट सांगितली. तेवढ्यात मुलगी आली. तिने कपाट पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावून खाटेवरच बसली.

"बाबा घरी कधी ताट घेत नाहीत," ती म्हणाली. "ओट्यापाशी उभे राहून पातेल्यातनंच खातात. आई जन्मभर ओरडली. मला हे सांगायचं सुचलं कसं नाही?"

"मग इतके दिवस तुम्ही जगलात कशावर?" सिस्टरनी विचारलं.

"दूध होतं की, घट्ट केलेलं. ते ग्लासात असायचं. ग्लासातलं मांडलेलं नसतं, ते हातात दिलेलं असतं."

आतड्याच्या तज्ज्ञाला फोन करून, येऊ नका, असं कळवण्यात आलं. कारण काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गळती सापडली."

त्यांनी मामांची खरडपट्टी मात्र काढली, आणि बरोबर काढली. "हा मासा म्हणजे तुमच्या मांडीचं मांस आहे, आजोबा. तुम्ही तेच काढून त्याला खवले लावलेत. सात दिवस उरलेत. मला खालच्या मजल्यावर पाठवायचंय तुम्हाला. पाठवण्यासारखं काहीतरी हातात द्या."

मामांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताट आलं तेव्हा त्यांनी खरोखर चमचा उचलला. तोंडापर्यंत नेला. हात तिथेच अडला. दुखण्याने नव्हे, उजवा हात चांगला होता. पाहणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाला कुणीतरी चोरी करायला लावतंय. चमचा परत ताटात गेला. "बाई," ते मला म्हणाले, "कळतंय सगळं. वळत नाही."

पातेल्यातून भरवावं तर दवाखान्यात पातेलं खाटेपर्यंत आणायला बंदी. प्रत्येक ताट मोजून, झाकून येतं, त्यातलं ग्लासात ओतायलाही मनाई. मुलगी स्वयंपाकघराच्या प्रमुखाशी भांडून आली. मी पर्समधून भुवया रेखायची पेन्सिल काढली, ताट फिरवून घेतलं आणि कडेला एक ठिपका दिला.

मामांनी ठिपक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "नटाचं आहे हे?"

"तुमचं आहे. आज तुमचा प्रवेश."

"संवाद?"

"नाहीत. नुसतं खायचं. शेवटच्या घासापर्यंत."

असा प्रवेश वाईट नटाला मिळाला तर तो रडतो. मामांनी खाल्लं. सावकाश, हनुवटी खाली करून, सिस्टरनी शिकवलं होतं तसं प्रत्येक घासाला दोनदा गिळून. चाळीस मिनिटं लागली.

पुढचा आठवडा वॉर्डाने ठिपक्यांत घालवला. भुवयांची पेन्सिल ताटाला चालत नाही, असं स्वच्छतेच्या साहेबांनी सांगितलं. मग सिस्टरनी औषधांच्या कपाटातली गोल हिरवी स्टिकरं आणली. मामांनी गोळ्या घ्यायला नकार दिला. त्यांच्या वाटीवर ठिपका नव्हता. गोळ्यांना ठिपका लागला. दह्याला लागला. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांच्या पायाचं हाड मोडलेलं. त्यांनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ताट परत पाठवलं.

"ह्यांच्या ताटाला शिक्का आहे, माझ्या ताटाला का नाही?"

"आजोबा, तुम्हाला नाही लागत तो," सिस्टर म्हणाल्या.

"ते तुम्ही ठरवणार? बिनशिक्क्याचं मी आजवर काही स्वीकारलेलं नाही."

त्यांनाही ठिपका मिळाला. त्यानंतर समोरच्या रांगेतल्या तिघांना. आहाराच्या बाई येऊन विचारू लागल्या की हिरवा ठिपका म्हणजे कोणतं पथ्य, आणि कुणालाच नीट सांगता येईना. एका नव्या डॉक्टरांनी राउंडला, हिरव्या ठिपक्याचे पेशंट चांगलं खातात, असं वहीत टिपून घेतलं. मी त्यांना समजवायला गेले, पण ते घाईत होते.

आमचे कंपनीतले जुने लोक भेटायला यायला लागले. एकविसाव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आमच्यातल्या एका खलनायकाने सहा उकडलेली अंडी आणली. "उद्या परीक्षा ना? आज सगळी घाला पोटात." सिस्टरनी ती जप्त केली, आख्खी अंडी मामांच्या घशात अडकली असती म्हणून, आणि वर त्याला सांगितलं, "रक्त म्हणजे तालमीचं काम आहे, काका. ऐन प्रयोगाला नाही पाठ होत." ही सिस्टर कंपनीत असती तर आम्ही कुठल्या कुठे गेलो असतो.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मुलगी माझा हात धरून बसली होती. तिची नखं माझ्या तळव्यात रुतत होती.

"प्रीअल्ब्युमिन आठवरून सोळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि दुसरं?"

"अल्ब्युमिन दोन पूर्णांक नऊ."

मुलीचा चेहरा पडला. "म्हणजे एवढं खाऊन एका काडीने?"

"सांगितलं होतं ना, ते म्हाताऱ्या चालीचं. त्याची वाट बघत बसले तर खाट दुसऱ्याला जाईल." त्यांनी कागद पालथा घातला. "आकड्यांनी दिशा दाखवली, तेवढी पुरे. वजन सहा दिवसांत उतरलेलं नाही. आणि खालच्यांना मी तो मासा दाखवला."

"फेकला नाही?"

"फोटो. झटका येऊन दोन आठवडेही न झालेला माणूस एका हाताने खवले उठवतो, लक्ष ठेवून, चिकाटीने. ते म्हणाले, असा पेशंट आम्हाला पाहिजे. फक्त त्याला पीठ देऊ नका."

मामा खालच्या मजल्यावर गेले. इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं, पुढचं सोपं नव्हतं. तिथे एक लांब खोली होती, मधोमध दोन समांतर कठडे, टोकाला एक टेबल. फिजिओथेरपीचा माणूस आडदांड आणि मऊ आवाजाचा. तो कमरेला पट्टा बांधून मामांना उभं करायचा. मामा उभे राहायचे. पण पाऊल उचलायचे नाहीत. तीन दिवस झाले, चार झाले. डावा पाय हलवायला जोर होता, तो झोपून हलवायचे. उभं राहिलं की पाय खिळ्याने ठोकल्यासारखा.

"कुठे जायचंय?" ते विचारायचे.

"कुठेच नाही. नुसतं चालायचं."

"कारण नसताना मी मंचावर पाऊल टाकत नाही."

आठव्या दिवशी आम्ही पाच जण बघायला गेलो. त्या माणसाने मामांना उभं केलं, आणि मामा कुणाच्या आधाराशिवाय, एका हाताने कठडा धरून पूर्ण दोन मिनिटं उभे राहिले. हे पहिल्यांदाच होत होतं. आम्ही जुनी खोडं, हात आपोआप जुळले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मामांचा चेहरा बदलला. तो आनंद नव्हता. कपाळाला आठी पडली, नजर खोलीभर फिरली, टेबलावर थांबली. तिथे पाण्याचा प्लास्टिकचा जार होता, दोन पेले आणि व्यायामाचे रबरी चेंडू. आणि मला एकदम उमगलं. आम्हा नटांना टाळ्या म्हणजे शेवट. मामांना टाळ्या म्हणजे पडदा पडला, आता चार मिनिटांत राजवाडा उचलून तुरुंग लावायचा.

उजवा पाय पुढे गेला. मग डावा, फरशीवर घासत, तिरपा, पण गेला.

फिजिओचा माणूस पट्टा धरून मागे सरकत आला आणि तोंड न वळवता हळूच म्हणाला, "थांबू नका. वाजवत राहा."

आम्ही वाजवत राहिलो. खलनायक मोजत होता, ओठ न हलवता. मुलगी दारात उभी होती, तिला टाळ्या वाजवायचंही सुचेना. अकरा पावलं. मामा टेबलापाशी पोचले, जार उचलून काखेत मारला, पेले बोटांत अडकवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, वाटेतून बाजूला व्हा. किती वेळा सांगायचं?"

मी बाजूला झाले. जार भरलेला होता, तो कलला आणि पाणी त्यांच्या गुडघ्यांवरून पायांवर ओघळलं. मामांनी खाली पाहिलं.

"गार आहे," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "दोन्हीकडे."